तुटक रेघेतला चौकोन

४ तारीख, सोमवार

तुटक रेघ! धड अख्खी रेघसुद्धा माझ्या वाट्याला आली नाही. सगळ्या शिक्षकांच्या देखत त्या कोटवाल्यानं फळ्यावर चौकोन काढले. मधोमध सूनबाईचा, कारण ती मुख्याध्यापिका. भोवती शिक्षकांचे, इकडून तिकडे जोडलेले. कारकुनालासुद्धा एक चौकोन आणि ठसठशीत रेघ. आणि मी? फळ्याच्या कोपऱ्यात, खडू संपत आल्यासारखी तुटक तुटक रेघ ओढून तिच्या टोकाला लिहिलं, 'संस्थेच्या अध्यक्षा, सल्ल्यापुरत्या'. सल्ल्यापुरत्या! इमारत माझ्या नावावर, छप्पर गळलं की झोप माझी जाते, आणि मी कोपऱ्यातली केरसुणी.

हा कोटवाला सूनबाई करते त्या अभ्यासक्रमाचा, शाळा चालवणाऱ्यांना शाळा कशी चालवायची ते शिकवतो. स्वतः कधी चालवली का, विचारलं तर हसला. एवढ्या उकाड्यात अंगात कोट. म्हणे शाळा हा कारखाना नव्हे. शाळेचे भाग एकमेकांना सैल बांधलेले असतात, आणि निर्णय मुलाच्या जितका जवळ होईल तितका चांगला. मी उठले आणि म्हटलं, "सैल टाका घातला की शिवण उसवते. चौथीत शाळा सुटली माझी, पण एवढं कळतं मला." सगळे हसले. तोही हसला. मग म्हणतो, "बरोबर आहे बाई. पण फार आवळून टाका घातला तर कापडाला चुण्या पडतात ना?" कुठून ऐकून आला होता कोण जाणे.

ही वही सूनबाईनं आणून दिली. तिच्या त्या अभ्यासक्रमात सांगितलंय म्हणे, संस्था चालवणाऱ्यानं दिवसभरात काय ठरवलं आणि का ठरवलं ते लिहावं. म्हणाली, "आई, कुणाला दाखवायची नाही. तुमच्यापुरती." घ्या, लिहिलं. आज मी काहीही ठरवलं नाही. मला ठरवू दिलं नाही.

६ तारीख, बुधवार

आज ठरवलं.

बालवर्गाच्या बाई आहेत एक, एवढीशी कुडी, तुरुतुरु चालते, सगळे चिमणीच म्हणतात. तिनं परस्पर एका पोराच्या घरी फोन केला की याचे डोळे तपासून घ्या. झालं. बाप तणतणत माझ्याकडे. आमच्या घरात कुणाला चष्मा नाही, तुम्ही कोण सांगणाऱ्या? मी त्याला चहा पाजून घालवला. चिमणीला विचारलं तर म्हणते, "पण मोठ्या बाई, त्याला खरंच फळा दिसत नाही."

दिसत नसेल. पण दहा तोंडांनी दहा गोष्टी बाहेर गेल्या तर शाळेची अब्रू राहील का? माझ्या शिवणकामाच्या खोलीत, शाळेमागेच आहे ती, एक बाई बाह्या करते, एक कॉलर, एक काजं-बटणं, आणि शेवटी कात्री घेऊन मी. आजवर एक शर्ट लांड्या बाहीचा बाहेर गेला नाही. हे होते तेव्हा शाळाही अशीच चालायची. जिन्यात उभे राहायचे, येईल त्याला हो किंवा नाही. ते गेल्यापासून शाळेचं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या.

म्हणून हुकूम काढला. पालकांना फोन, मुलाला घरी सोडणं, तास बदलणं, सामान मागवणं, जे काही असेल ते मला विचारल्याशिवाय करायचं नाही. कारकुनानं लिहिला, मी सही केली, शिक्षकांच्या खोलीत डकवला.

सूनबाईनं वाचला. ती ओरडत नाही, हीच तिची खोड. एवढंच म्हणाली, "आणि आई, तुम्ही नसाल तेव्हा?"

"मी कुठे मरायला जाते?" म्हटलं.

११ तारीख, सोमवार

कंबर मोडली. सकाळपासून दाराबाहेर रांग. खडू देऊ का, खिडकी बंद करू का, दुसरीच्या वर्गात पाल आहे, काय करू? अरे हाकला तिला! पण नाही, माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय कुणी हलत नाही. चिमणी तर कहर. दारात उभी राहून विचारते, "मोठ्या बाई, फळा पुसू का?" मी म्हटलं पूस. थोड्या वेळानं परत हजर. "डावीकडून पुसू की उजवीकडून?" एवढी पदवी घेतलेली बाई, आणि फळा पुसायची अक्कल नाही. मागे कारकून खोकत होता. त्याला म्हटलं औषध घे.

एक मात्र झालं, शिस्त लागली. आधी शिक्षकांच्या खोलीत हसण्याचा नुसता गलका असायचा. आता मी आत गेले की टाचणी पडली तरी ऐकू येईल. गणिताचे मास्तर वाद घालण्यात पटाईत, तेसुद्धा आता "बरं" म्हणतात. काहीही सांगा, बरं.

थकून घरी आले. भाजी निवडायला घेतली ती हातातच राहिली. ह्यांना रोज एवढं सगळं सहन कसं व्हायचं? कधी दमलेले दिसले नाहीत. पुरुषाची जात, दाखवत नसतील.

१२ तारीख, मंगळवार

रांग.

१६ तारीख, शनिवार

सूनबाई अर्धा दिवस सुट्टी घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेली. दाताच्या डॉक्टरकडे जायला चांगले कपडे, तेही कडक इस्त्रीचे. आरशासमोर उभी राहून काहीतरी पुटपुटतही होती. दाढ दुखत असणार. हल्ली जेवतही नाही नीट. फोन आला की गॅलरीत जाते आणि "कळवते, विचार करून कळवते" एवढंच ऐकू येतं. आईकडचं काहीतरी असेल. मी नाक खुपसत नाही.

माझा लेक औषधांच्या दुकानात असतो. त्याला म्हटलं, बायकोच्या दाढेला काहीतरी चांगलं औषध दे. तो माझ्याकडे बघतच राहिला. "दाढेला?" म्हणाला. बापावर गेलाय, शब्द विकत घ्यावे लागतात.

२१ तारीख, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सकाळी मी ठोक बाजारात गेले, गणवेशाचं कापड बघायला. तिथे ही गर्दी, ताके धडाधड आपटतायत, फोन पिशवीच्या तळाशी. सूनबाई शिक्षण खात्याच्या कचेरीत होती, मीच तिला कागद देऊन पिटाळलं होतं. आणि इकडे तिसरीतल्या एका पोरीच्या पोटात दुखायला लागलं. तिसरीच्या बाई रजेवर, म्हणून चिमणी दोन्ही वर्ग सांभाळत होती. चिमणी कारकुनाकडे गेली. कारकून म्हणाला, मोठ्या बाईंना विचारतो. मला फोन. मी उचलला नाही. परत फोन. सूनबाईला लावावा तर तो कचेरीत बंद ठेवायला लावतात. पोरगी बाकावर मुटकुळं करून पडली होती, आणि ही दोघं फोनपाशी.

दुपारी सूनबाई आली. कुणाला विचारलं नाही, काही नाही. पोरीला उचललं, रिक्षात घातलं आणि थेट हॉस्पिटल. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणायला हवं होतं. लगेच कापलं. पोरगी आहे. अजून काही सांगता येत नाही म्हणतात, पण आहे.

मी कापड घेऊन आले तेव्हा शाळा सुटली होती. मी कारकुनाला, चिमणीला, सगळ्यांना उभं केलं. एवढी माणसं, एकाच्याही डोक्यात अक्कल नाही? तोंडाला कुलूप होतं? पोरीचा बाप दोन गल्ल्या पलीकडे वेल्डिंगच्या दुकानात असतो, धावत गेला असतात तरी पोचला असतात!

चिमणी रडत नव्हती. तिचा ओला रुमाल होता हातात, त्या पोरीचं तोंड पुसलेला. म्हणाली, "विचारायला सांगितलं होतंत ना मोठ्या बाई. विचारत होते."

मी म्हटलं, घरी जा.

२२ तारीख, शुक्रवार

वेल्डर आला होता. मला वाटलं, खुर्च्या फेकेल. चष्म्यावरून एवढं आकांडतांडव झालं, तर हा काय करेल? पण तो दारात चप्पल काढून आत आला आणि उभाच राहिला. हातांवर ठिणग्यांचे काळे डाग. सूनबाई, मी आणि कारकून, तिघंच होतो.

म्हणाला, "मला भांडायचं नाही. फक्त एवढं सांगा. मला हाक मारणं कुणाच्या हातात होतं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "माझ्या. मी मुख्याध्यापिका आहे. चूक माझी."

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "पण तुम्हीच तर नेलंत तिला." आणि गेला.

आता यात तिनं मोठं काही केलं असं नाही. पद घेतलं की जबाबदारी आलीच. मीही बोलणारच होते. तिला नेहमी मध्ये बोलायची सवय आहे.

जेवण गेलं नाही. दाढ दुखत असेल माझीही.

२५ तारीख, सोमवार

दीर आले होते, संस्थेच्या समितीवर आहेत. आल्या आल्या पंखा मोठा करायला लावला. म्हणाले, "वहिनी, पालक खवळलेत. एक माणूस बळी द्यावा लागतो अशा वेळी. मुख्याध्यापिका बदला, महिनाभरात सगळं थंड होईल. तशी तीच कबूल झाली आहे, आपल्याला काही करायचंच नाही."

"घरची सून आहे ती, भाऊजी."

"म्हणून तर सोपं. कोर्टात जाणार नाही."

मी म्हटलं, विचार करते. त्यांचं पटलं असं नाही, पण खोडताही येईना. माणूस बदलला की प्रश्न मिटतो, हे मीही आयुष्यभर केलंय. कॉलर वाकडी झाली तर बाई बदलायची. आता आठवायला बसले तर कॉलरवर किती बायका बसवल्या आणि उठवल्या ते आठवेना. कॉलर मात्र अधूनमधून वाकडी होतच राहिली. मीच कात्रीनं सारखी करून टाकायचे, म्हणून बाहेर दिसली नाही कुणाला.

सूनबाईला सांगितलं भाऊजी काय म्हणाले ते. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली नाही. म्हणाली, "बरंच झालं आई. मला नदीपलीकडच्या शाळेत बोलावलंय. मुलाखत झाली. राहायला जागाही देतात."

"मुलाखत? कधी?"

"त्या शनिवारी."

दाताचा डॉक्टर! आणि लेकाला ठाऊक होतं. औषधांच्या दुकानात बसून मला वेड्यात काढत होता. जागा देतात म्हणजे तोही जाणार. आणि मी इथे काय करू? मशिनी मोजत बसू? मी म्हटलं, "घरात राहून घर फिरवलंस तू." ती म्हणाली, "आई, तुम्हाला विचारायला रांगेत उभी राहिले असते, पण माझा नंबर लागला नसता." आणि आत गेली.

कधी नव्हे ती बोलली, आणि हे बोलली.

२६ तारीख, मंगळवार

हॉस्पिटलात गेले. मनात होतं, पोरीच्या आईला भेटावं, फळं द्यावीत आणि यावं. खाटेशेजारी चिमणी. पोरीला गोष्ट वाचून दाखवत होती, राक्षसाचा आवाज काढत. पोरीला हसू येत होतं आणि टाके दुखतात म्हणून ती ओरडत होती, "बाई, राक्षस हळू बोलू दे!"

माझं मीच म्हटलं, हुश्श.

मग चिमणीला बाहेर बोलावलं. "तू इथे कशी?"

"रोजच कुणीतरी असतं. पोरीच्या आईला घरी तान्हं बाळ आहे, तिला दोन्ही ठिकाणी जमत नाही. काल गणिताचे सर होते. उद्या कारकूनभाऊ."

"कुणी ठरवलं हे?"

"कुणीच नाही. ठरलं."

"मला विचारलं नाहीत."

तिनं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "शाळेच्या वेळेबाहेरचं आहे, मोठ्या बाई. हुकमात बसत नाही."

मी बाकावर बसले. तीही बसली. मी म्हटलं, हे असताना असं काही झालं नसतं. जिन्यात उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं असतं काय करायचं ते. चिमणीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं बोलले.

"सर सांगायचे नाहीत," ती म्हणाली. "विचारायचे. तुम्ही काय ठरवलंय? आम्ही सांगायचो. ते म्हणायचे, हो. कधीतरी म्हणायचे, मला नाही पटत, पण करून बघा."

"आणि चुकलं तर?"

"तर जिन्यात पुन्हा भेटायचे."

माझा नवरा, आणि मला त्याचं हे दुसरीकडून कळतंय. मी लांबून बघायचे शिवणकामाच्या खिडकीतून. मान हलायची तेवढी दिसायची. मला वाटायचं, हुकूम सोडतायत.

निघताना चिमणी म्हणाली, "गुरुवारी संध्याकाळी कुणी नाही. तुम्हाला जमेल का?" कितीतरी दिवसांनी कुणी मला असं काही विचारलं, ज्याचं उत्तर मला आधीपासून ठाऊक नव्हतं. म्हटलं, जमेल. राक्षसाचा आवाज काढता येत नाही म्हटलं. ती म्हणाली, "तुम्हाला काढायची गरज नाही," आणि लगेच जीभ चावली. मला हसू आलं. तिला दाखवलं नाही.

२८ तारीख, गुरुवार

पालकांची सभा झाली. दीर पुढे, खुर्ची पुसून बसलेले. त्यांनी सुरू केलं, मुख्याध्यापिकेच्या हलगर्जीपणामुळे वगैरे वगैरे. सूनबाई मान खाली घालून. वेल्डर मागच्या भिंतीला टेकून उभा.

मला भाषण येत नाही. मी उठले आणि म्हटलं, "काय हलगर्जीपणा? तिनंच उचलून नेलं पोरीला. हुकूम माझा होता. सही माझी आहे, वाचता येणाऱ्यांनी खोलीत जाऊन वाचा. मला विचारल्याशिवाय हलायचं नाही असं मी म्हटलं होतं, आणि मी बाजारात कापड बघत होते. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा."

कुणी ओरडलं नाही. त्यानं जास्त त्रास झाला. दीर कानात पुटपुटले, "वहिनी, काय करताय?" म्हटलं, "भाऊजी, पंखा लावू का?"

चष्म्याचा बाप उठला आणि म्हणाला, मग आता पुढे काय? मला कुठे माहीत होतं? मी त्या कोटवाल्यासारखे चौकोन काढू शकत नाही. मी म्हटलं, "हुकूम आजच फाडणार. मुलाचं दुखलंखुपलं तर समोर जे कुणी असेल त्यानं काय ते करायचं. माझं नाही, कारकुनाचं नाही, कुणाचं तोंड बघायचं नाही. नंतर सांगा, मी चिडेन, तेवढं सोसा." मग मागे बघून म्हटलं, "आणि समितीत एक पालक पाहिजे. तुम्ही येता का?" वेल्डर म्हणाला, "मला मीटिंगचं काही कळत नाही." म्हटलं, "मलाही नाही. आता दोघं होऊ." दीर उठून गेले. बैल गेला आणि झोपा केला म्हणतील लोक. म्हणू देत. पोरगी उद्या घरी येणार आहे.

तिथून हॉस्पिटलात माझी पाळी होती, ती केली. घरी आले तर सूनबाई ओट्यापाशी. तिच्या पाठीकडे बघून बोलले, तोंडाकडे बघून जमलं नसतं. म्हटलं, राहिलीस तर शाळा तू चालव. मी शिवणकामात राहीन. पैशांच्या कागदावर सही लागेल तिथे मला बोलाव, बाकी तुम्ही सगळे काय ते ठरवा. जायचं असेल तर तेही जा, नदीपलीकडची शाळा मोठी आहे, 'घर फिरवलंस' वगैरे मी परत म्हणणार नाही. दात चांगले आहेत ना तुझे, तेवढं सांग.

तिचे खांदे हलले. हसली की रडली, पाठीवरून कळलं नाही. मग म्हणाली, "बघते, आई."

बघते म्हणजे काय? बघते हे उत्तर झालं का? ह्यांची रीत धरली असती तर मी म्हटलं असतं, तू काय ठरवलंयस, आणि गप्प बसले असते. एकदा म्हणूनही बघितलं, मनातल्या मनात. तोंडातून बाहेर आलं ते वेगळंच. जे म्हटलं तेच इथे लिहिते, म्हणजे नंतर माझ्या नावावर भलतं काही लागायला नको. सूनबाई, तुला वेळ पाहिजे तर घे, पण शनिवारी शाळा सुटायच्या आत मला सांग. राहतेस की जातेस, एका शब्दात. नदीपलीकडे नंतर कळव, आधी मला. आणि शनिवारी 'बघते' चालणार नाही.